याहूची हाताने लावलेली वेबसाइटांची यादी गेली, यात आपलं नुकसान झालं का?

मांडवीकर
माझं मत सरळ सांगतो: झालं, आणि मोठं झालं.

बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत मी शाळेपासून जातोय. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना मुद्दाम बोलावून घेतलं आणि राज्यभर फुकट वाचनालयांचं जाळं विणलं. तिथल्या कार्डांच्या खणात बोटं फिरवताना एक पुस्तक शोधायला जावं, तर शेजारची तीन कार्डं नजरेला पडत. तीच घरी यायची.

१९९९ मध्ये रावपुऱ्यातल्या सायबर कॅफेत याहू पाहिलं आणि मला तो खणच आठवला. प्रत्येक साइट माणसाने पाहून, विषय ठरवून लावलेली. एखादा विषय दोन ठिकाणी बसत असेल तर नावापुढे ॲटचं चिन्ह, म्हणजे 'मूळ जागा तिकडे आहे'. गूगल उत्तर देतं, पण शेजार दाखवत नाही. याहूची यादी २०१४ च्या अखेरीस बंद झाली, स्वयंसेवकांनी चालवलेली तशीच यादी डीमॉझ २०१७ मध्ये.

निजामपुरा०२
काका, लायब्ररीबद्दल पूर्ण आदर, पण मला हे पटत नाही. खण आखतो कोण? बडोद्याच्या मराठी माणसाची साइट गुजरातखाली लावायची की महाराष्ट्राखाली? कॅलिफोर्नियात बसलेल्या माणसाने ते ठरवायचं? शिवाय पुढे धंद्याच्या साइटला यादीत राहायचे वर्षाला २९९ डॉलर पडायचे. रावपुऱ्यातला कोणता दुकानदार ते भरणार होता?

अल्टाव्हिस्टा हे शोधयंत्र डिसेंबर १९९५ मध्ये आलं आणि पानातला शब्दन् शब्द शोधता यायला लागला. एम.एस्सी.ला असताना एका रंगद्रव्याचं नाव अवतरणचिन्हांत टाकलं, तर कुठल्याशा प्राध्यापकाने वर्गासाठी टाकलेल्या टिपणांचं पान निघालं. ना चित्र, ना सजावट. असलं पान कुणी यादीत घेतलंच नसतं. माझा प्रकल्प त्यावर उभा राहिला.

आणि गोफर आठवा, इंटरनेटवरची माहिती मेन्यूतून शोधायची वेबसारखीच एक व्यवस्था. १९९१ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने काढलेलं, सगळं मेन्यूत नीट लावलेलं. १९९३ मध्ये त्यांनी सर्व्हरसाठी परवान्याचे पैसे मागायचं ठरवलं आणि लोक बिचकले. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेने तिथे तयार झालेलं वेब सगळ्यांना मोफत खुलं केलं. लोक तिकडे गेले.

वाडीतला
तुम्ही दोघंही इंग्रजी पानांबद्दल बोलताय. २००० मध्ये मी आमच्या गणेशोत्सव मंडळाचा इतिहास मराठीत टाकला होता. वर सूचना: 'आधी हा फॉन्ट उतरवून घ्या.' फॉन्ट नसला की पडद्यावर निव्वळ रोमन अक्षरं आणि कंस. शोधयंत्रालाही तेवढंच दिसायचं. 'गणपती' टाइप करून ते पान जन्मात सापडलं नसतं! यूनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती, पण आमच्या कॅफेतल्या विंडोज ९८ वर तिचा काय उपयोग?

म्हणून या एका बाबतीत मी मांडवीकरांच्या बाजूने. यादी लावणारा माणूस निदान एक ओळ लिहून पान जागेवर ठेवू शकला असता. यंत्राच्या लेखी आम्ही नव्हतोच.

मांडवीकर
निजामपुरा, २९९ डॉलरचा मुद्दा मान्य, ते वाईटच झालं. पण गोफरची फी नडली, मेन्यू नव्हे. बॉर्डन साहेबांनीही कपाटं लावलीच होती, वाचकाकडून दमडी न घेता. आणि यंत्र तटस्थ आहे असं का धरता? कोणतं पान वर चढवायचं याचं गणितही माणसांनीच बसवलंय. फरक एवढाच की कार्ड चुकीच्या खणात असेल तर मी उठून ग्रंथपालांकडे जातो आणि भांडतो. पहिलं पान विसावं का झालं, हे विचारायला कुठे जाऊ?

निजामपुरा०२
भांडायला जागा हवी, हे कबूल. तरीही आधी सापडू दे, मग भांडू. यादीत नसलेल्याला भांडताही येत नाही.

वाडीतला
माझं ते पान फुकटच्या जागेवर होतं. जागा देणाऱ्यांनी दुकान गुंडाळलं, पान गेलं. मूळ मजकूर एका फ्लॉपीवर आहे, पण जुन्या फॉन्टातला. कुणी यूनिकोडमध्ये बदलून देईल का?

मांडवीकर
फ्लॉपी घेऊन रविवारी या. वाचणारं यंत्र माझ्याकडे अजून चालू आहे. फॉन्टचं नाव मात्र आठवून ठेवा, त्याशिवाय अक्षरं जुळवता येणार नाहीत.