आजोबा आणि नात यांना एका पडद्यावर खेळता येईल असा साधा रणगाड्यांचा खेळ सुचवा (मर्यादा २००० रुपये)

खानापूरची_सून
नमस्कार. माझे मामंजी मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झाले असून आता ७४ वर्षांचे आहेत आणि माझी मुलगी ९ वर्षांची आहे. दिवाळीत तिने आत्येभावाच्या मोबाइलवर रणगाड्यांचा खेळ पाहिला, आजोबांना दाखवला, आणि तेव्हापासून दोघांनाही तो शेजारी बसून खेळायचा आहे. मामंजींना मोबाइलवरचे बारीक दिसत नाही आणि थंडीत त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे आखडतात, त्यामुळे चार दिशा आणि गोळी झाडण्याचे एक बटण याहून जास्त काही नसावे. इंटरनेट लागणारा खेळ नको, कारण पावसाळ्यात आमच्याकडे त्याचा भरवसा नसतो. जाहिराती आणि मध्येच पैसे मागणे तर मुळीच नको. घरी ३२ इंची एलईडी टीव्ही आहे, शिवाय माळ्यावर जुना २१ इंची डबा टीव्ही चालू स्थितीत आहे.

शहापूर_पेठ
ताई, दोन हजारांत आणलेली वस्तू महिन्याभरात अडगळीत जाते, हे मी स्वानुभवाने सांगतो. मी मुलासाठी चाळीस हजारांच्या आसपासचा कन्सोल घेतला आणि आजवर त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. रणगाड्याच्या पट्ट्यांना चिकटलेला चिखलसुद्धा त्यावर स्पष्ट दिसतो. थोडे थांबा, पैसे साठवा आणि एकदाच चांगले घ्या.

निपाणीकर_१
एवढा खर्च कशासाठी? 'वर्ल्ड ऑफ टँक्स ब्लिट्झ' फुकट उतरवून घेता येतो. सात विरुद्ध सात अशी लढाई असते, खरे ऐतिहासिक रणगाडे असतात, आणि समोरच्याचे चिलखत कोणत्या बाजूने पातळ आहे हे ओळखून गोळा मारावा लागतो. मी गेली चार वर्षे रोज रात्री खेळतो. आमच्याकडे नेटची काहीही अडचण येत नाही.

खानापूरची_सून
दादा, निपाणीत नेट चांगले असेल. आमच्याकडे पावसाळ्यात ते दिवसदिवस जाते. शिवाय दोघांना दोन मोबाइल लागतील आणि एकत्र बसण्याचा मूळ हेतूच राहणार नाही.

चिकोडीचा_थोरला
टीव्हीच्या मागे एचडीएमआयमध्ये खोचायची, हजारो खेळ भरलेली आणि दोन बिनतारी रिमोटची गेम स्टिक मिळते. आता कोणीतरी तीच सुचवील, म्हणून आधीच सावध करतो. मी पंधराशेला आणली होती. तिसऱ्या आठवड्यात आतले मेमरी कार्ड बिघडले आणि सगळे खेळ गेले. दुकानदार म्हणाला, कार्डाची हमी नसते. घ्यायचीच असेल, तर पहिल्याच दिवशी कार्ड संगणकाला लावून त्याची जशीच्या तशी नक्कल चांगल्या कंपनीच्या कार्डावर करून ठेवा. रिमोटचे पेन्सिल सेलही भराभर संपतात, हे वेगळे.

संकेश्वर_नाका
मी गेम स्टिकच सुचवणार होतो. माझी दीड वर्ष उत्तम चालू आहे. चिकोडीच्या दादांना नग खराब मिळाला असावा.

कॅम्पातली_शिक्षिका
आपण यंत्रांची चर्चा करतो आहोत, पण खेळ कोणता हे अजून कोणीच सांगितलेले नाही. ताईंनी जे वर्णन केले आहे, ते नामको कंपनीच्या १९८५ सालच्या 'बॅटल सिटी'ला तंतोतंत लागू पडते. वरून पाहिलेले मैदान, विटांच्या भिंती, आणि तळाशी मधोमध विटांच्या आडोशाला गरुडाचे चिन्ह. प्रत्येक स्टेजला शत्रूचे वीस रणगाडे येतात. ते सगळे फोडायचे आणि गरुड वाचवायचा, एवढाच नियम. एक खेळाडू पिवळा रणगाडा चालवतो, दुसरा हिरवा. जोडीदाराला चुकून गोळी लागली तर तो मरत नाही, काही क्षण जागीच खिळतो, त्यामुळे आजोबा-नातीत भांडण होण्याचे कारण उरत नाही. मात्र आपलीच गोळी गरुडाला लागली तर खेळ तिथेच संपतो, हे मुलीला पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

लुकलुकणारा रणगाडा दिसला की आधी तो टिपावा, कारण त्यातून बक्षीस मिळते. त्यातले फावडे मिळाले की गरुडाभोवतीच्या विटा काही वेळ पोलादी होतात आणि वयस्कर माणसाला श्वास घ्यायला उसंत मिळते. बक्षिसातले तीन तारे जमले की पोलादी भिंतही फुटते.

कोणतेही यंत्र एलईडी टीव्हीला जोडले, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू करा. असे टीव्ही चित्र सुधारण्यात थोडा वेळ घालवतात, त्यामुळे बटण दाबल्यावर गोळी उशिरा सुटते, आणि ज्यांची बोटे मुळातच सावकाश चालतात त्यांना आपलेच चुकले असे वाटत राहते.

संकेश्वर_नाका
आमच्या लहानपणी टीव्ही गेमच्या कॅसेटवर 'टँक १९९०' असे नाव यायचे. तुम्ही म्हणता तो खेळ वेगळा असावा.

कॅम्पातली_शिक्षिका
वेगळा नाही, ती मूळ खेळाची फेरफार केलेली चोरटी आवृत्ती होती. पाण्यावरून नेणारी नाव तिच्यात नंतर घातलेली आहे.

संकेश्वर_नाका
नाव तर आमच्या कॅसेटमध्ये पहिल्यापासून होती. मी स्वतः त्या नावेवर बसून पाणी ओलांडलेले आहे.

जवान_निवृत्त
ताई, तुमचे मामंजी आमच्याच रेजिमेंटचे आहेत हे वाचून आनंद झाला. त्यांना माझा रामराम सांगा. रणगाडे हे आर्मर्ड कोअरचे काम. आम्ही पायदळातली माणसे. खरे रणगाडे पाहायचे असतील तर त्यांना अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियमला एकदा अवश्य घेऊन जा. मी नातवंडांना नेले होते.

खेळाबद्दल एकच सांगतो. माझा नातू नेहमी आपला रणगाडा एकटाच पुढे पळवतो आणि मागे गरुड उघडा पडतो. पायदळात चाळीस वर्षांपूर्वी शिकलेली गोष्ट मला तिथे उपयोगी पडली: मी गरुडाच्या डाव्या अंगाला ठाण मांडून बसतो, फारसा हलत नाही, आणि समोरून आलेली गोळी माझ्या गोळीने उडवतो, कारण दोन गोळ्या आपटल्या की दोन्ही नाहीशा होतात. बोटे आखडणाऱ्या माणसाला हीच जागा योग्य. पुढची धावपळ नातीला करू द्या.

शहापूर_पेठ
मोठ्या कन्सोलवरसुद्धा जुने खेळ विकत मिळतात. मी पुन्हा सांगतो, एकदाच चांगले घ्या.

अनगोळ_नाका
जुना लॅपटॉप असेल तर 'पॉकेट टँक्स' पाहा. एकाने नेम धरायचा, कोन आणि जोर ठरवून गोळा सोडायचा, मग दुसऱ्याची पाळी. घाई अजिबात नाही. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सगळे हेच खेळत असत.

चिकोडीचा_थोरला
हा सल्ला चांगला आहे. एक मात्र सांगतो: जुन्या बाजारातला कॅसेटवाला टीव्ही गेम कोणी देऊ केला तरी घेऊ नका. त्याचे रिमोट झिजलेले असतात, ॲडॉप्टर मिळत नाही, आणि डबा टीव्ही बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस आता सापडत नाही.

निपाणीकर_१
सहमत. जुने काहीही घेऊ नका.

संकेश्वर_नाका
मीही हेच म्हणतो.

खानापूरची_सून
सर्वांचे मनापासून आभार. तुम्ही सर्वांनी नको म्हटले तेच मी घेतले आहे, म्हणून कारण सांगते. 'पॉकेट टँक्स' भाचीच्या लॅपटॉपवर लावून पाहिला; पण दुसऱ्याची पाळी येईपर्यंत मुलगी उठून जायची. मग नंदगडच्या नातेवाइकांकडे कॅसेटवाला टीव्ही गेम माळ्यावर पडून असल्याचे कळले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. ॲडॉप्टर खरोखरच नव्हता. बेळगावात गणपत गल्लीजवळच्या एका दुकानदाराने यंत्राच्या तळाशी छापलेले ९ व्होल्ट आणि पिनच्या धन-ऋण टोकांची खूण वाचून, मीटरने तपासून, २२० रुपयांत जुळता ॲडॉप्टर दिला. तुमच्यापैकी कोणी असे यंत्र काढणार असेल, तर ती खूण आधी पाहावी.

माळ्यावरचा डबा टीव्ही मामंजींच्या खोलीत ठेवला. पहिल्यांदा नुसत्या आडव्या रेघा आल्या. मामंजींनी कॅसेट काढली, तिचे सोनेरी दाते कोरड्या कापसाने पुसली, पुन्हा दाबून बसवली आणि पडद्यावर विटा उमटल्या. रिमोटचे खालचे बटण दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही, म्हणून तो रिमोट मुलीने घेतला आहे. मामंजी निवृत्त जवानांनी सांगितल्याप्रमाणे गरुडाच्या डाव्या अंगाला उभे असतात, आणि ती फार पुढे गेली की "मागं ये गं, पोस्ट सोडू नको" असे ओरडतात. काल दोघे सातव्या स्टेजपर्यंत पोहोचले.

कॅसेट सुरू होताना 'टँक १९९०' असेच नाव येते आणि पाण्यावरून नेणारी नावही मिळते, हे संकेश्वरच्या दादांना कळवते.