मदत हवी आहे: ओढ बसली की पेशींचा जोड सुटतो की आवळतो?

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पऱ्हाट्या उपटून आलेल्या एका पोराने तळहातावरचा टम्म फोड दाखवून विचारलं, "मॅडम, पेशी एकमेकींना धरून असतात, तर हे सुटलं कसं?" घासून कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी फाटतात, त्या फटीत पाणी भरतं, एवढं सांगितलं.

अडले पुढे. शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या कॅडहेरिन या प्रथिनाला पेशीच्या आतून अल्फा-कॅटेनिन हे दुसरं प्रथिन धरून असतं. साधारण ५ पिकोन्यूटन (म्हणजे अगदी सूक्ष्म) ओढ बसली की ते उलगडतं, त्यावर व्हिन्क्युलिन नावाचं तिसरं प्रथिन येऊन बसतं आणि जोड उलट पक्का होतो. दाव्याची गाठ बैलाने ओढली की आवळते, अगदी तसंच! मग वारंवार घासल्याने हा जोड हरतो कुठे? एका झटक्यापेक्षा हे वेगळं कसं? कोणी सोप्या मराठीत समजावेल का? पोरगं रोज विचारतंय.