लिफ्टनंतर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस सारखा का जातोय?

प्रश्न: पार्ट-टाइम फोर बाय फोर जीप (हवं तेव्हाच चारही चाकांना ताकद), पुढंमागं पाटे (लीफ स्प्रिंग), दोन इंच लिफ्ट (गाडी तेवढी उंच केलेली). मागच्या शाफ्टचा (मागच्या अ‍ॅक्सलला ताकद नेणारा फिरता दांडा) क्रॉस (त्याच्या टोकाचा, कोनात फिरू देणारा सांधा) ८ हजार किलोमीटरमध्ये दुसऱ्यांदा गेला. ५०च्या पुढं घरघर, गिअर टाकताना 'टक्'. फिरणं गगनबावडा, राधानगरीकडं, चिखलातून. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: जुना क्रॉस टाकू नका भावा, कप (क्रॉसच्या चार टोकांवरच्या टोप्या, आत बेअरिंगच्या सुया) काढून बघा. सुयांच्या जागी समांतर खाचा उमटल्या असतील तर लोड किंवा अँगल. तांबूस कोरडी भुकटी असेल तर ग्रीस पोचलंच नाही. ग्रीस चारही कपांतून बाहेर येईपर्यंत मारायचं. एका कपातून आलं की गन काढतात, तिथंच घात होतो.

उत्तर २: मला अँगलचाच संशय. लिफ्टनं पिनियनचा (शाफ्ट जिथं अ‍ॅक्सलला जोडतो तो गिअर) कोन बदलतो. ट्रान्सफर केसचा (ताकद पुढंमागं वाटणारा गिअरचा डबा) आउटपुट आणि पिनियन समांतर हवेत, फरक एक अंशाच्या आत. गाडी चाकांवर उभी असताना मोजा. जॅकवर पाटे लोंबतात, माप खोटं येतं. फरक निघाला तर पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधे तेवढ्या अंशाची पाचर. आणि शाफ्ट खोलण्याआधी स्लिप जॉइंटवर (शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणारा दातेरी भाग) खूण कराच. एक दात चुकला तरी दोन्ही योक (टोकांना क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत राहत नाहीत, नवा क्रॉससुद्धा मार खातो.

उत्तर ३: डिफरन्शियलचं (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) ऑइलही बघा. तापलेलं हाउसिंग ओढ्यात बुडालं की आतली हवा आकसते. ब्रीदर (हाउसिंगला हवा घेऊ देणारं छिद्र) चिखलानं बुजला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदला. कोरड्या डांबरावर आलात की टू-व्हीलवर टाका, नाहीतर वळणावर सगळा पीळ शाफ्टवर येतो.