शास्त्रीजींच्या पलीकडे: मुंदडा प्रकरण

'१९५६ च्या अरियलूर रेल्वे अपघातानंतर रेल्वेमंत्री शास्त्रीजींनी राजीनामा दिला, आताचे नेते खुर्चीला चिकटून बसतात' असं नेहमी म्हटलं जातं आणि ते पटतंच. पण हे एकच उदाहरण आपण किती घासणार? शिवाय रेल्वे अपघातात शास्त्रीजींचा स्वतःचा काही गैरव्यवहार नव्हता. गैरव्यवहारावरून राजीनाम्याचं बोलायचं तर मुंदडा प्रकरण जास्त जवळचं आहे.

सरकारी विमा महामंडळ एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंदडांच्या अडचणीतल्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपास रकमेचे शेअर्स घेतले आणि फिरोज गांधींनी ते लोकसभेत बाहेर काढलं. म्हणजे सत्ताधारी पक्षाचाच खासदार, वर पंतप्रधानांचा जावई! मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी चौकशी केली, तीही जाहीरपणे, लोकांच्या गर्दीत. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांचा बचाव असा, की व्यवहार सचिवांच्या पातळीवर झाला. छागलांनी तो मानला नाही. सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असं स्पष्ट म्हटलं. चौकशी जानेवारी १९५८ मध्ये नेमली गेली आणि फेब्रुवारीत अर्थमंत्री घरी. आजच्या आयोगांच्या मुदतवाढी पाहता हा वेगच मला जास्त थक्क करतो. राजीनामा आपसूक आला नाही, अहवालाने तो द्यायला लावला.

आणि 'राजीनामा दिला की राजकारण संपतं' या भीतीबद्दल: कृष्णमाचारी १९६२ मध्ये पुन्हा मंत्रिमंडळात आले आणि १९६३ मध्ये परत अर्थमंत्रीच झाले. आपले आर. आर. आबाही (महाराष्ट्राचे गृहमंत्री आर. आर. पाटील) २६/११ च्या हल्ल्यानंतर २००८ मध्ये राजीनामा देऊन गेले ते २००९ मध्ये पुन्हा गृहखात्यातच.