वृत्तसंकेतस्थळांवरील बहुमाध्यमी मांडणीचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे?

प्रश्न
मजकूर, छायाचित्रे, व्हिडिओ, ध्वनी आणि हलते नकाशे एकत्र गुंफून केलेल्या वार्तांकनाचे तुलनात्मक मूल्यमापन मला करायचे आहे. आजवर पाहिलेल्या गुणपत्रिकांत ‘आकर्षकता’ आणि ‘नावीन्य’ अशी सदरे ठळक आहेत. परंतु त्यांतील गुणांवरून वाचकाला बातमी अधिक समजली की नाही, याचा काहीच बोध होत नाही. परीक्षकागणिक बदलणार नाहीत असे निकष कोणते?

प्रतिसाद १
संपूर्ण पानाला गुण देण्याऐवजी प्रत्येक घटक स्वतंत्रपणे तपासावा, आणि तो वगळला तर वाचकाच्या आकलनातून नेमके काय निसटेल, हे एका वाक्यात लिहून काढावे. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर 2012 मध्ये प्रसिद्ध केलेले हिमस्खलनावरील ‘स्नो फॉल’ हे वार्तांकन घ्या. त्याला 2013 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि निवडीच्या टिपणात बहुमाध्यमी घटकांच्या कुशल गुंफणीचाही उल्लेख होता. त्यातील डोंगरउताराचे त्रिमितीय चलचित्र काढून टाकले, तर तो उतार कसा आहे आणि हिम कोणत्या वाटेने खाली आले, हे केवळ शब्दांतून उभे करणे फार कठीण जाईल. आरंभी सतत उडत राहणारा बर्फ मात्र वातावरण निर्माण करतो, माहिती देत नाही. एकाच पानावरील या दोन घटकांना सारखेच गुण देणारी पद्धत मला सदोष वाटते.

प्रतिसाद २
वरील कसोटीला शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या बहुमाध्यमी अध्ययनाच्या तत्त्वांची जोड द्यावी. आलेखाचे स्पष्टीकरण आलेखाला लागूनच आहे का, निवेदक जे बोलतो तेच वाक्य त्याच वेळी पडद्यावर वाचायला लावले आहे का, विषयाशी संबंध नसलेले संगीत लक्ष विचलित करते का, हे प्रश्न निरीक्षणाने तपासता येतात आणि दोन परीक्षकांची उत्तरे बऱ्याच अंशी जुळतात. (उपशीर्षकांना मात्र दुसऱ्या प्रश्नातून वगळावे, कारण ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ती अनिवार्य आहेत.) तांत्रिक बाबतीत मापे ठरलेलीच आहेत: डब्ल्यूसीएजीच्या (संकेतस्थळे अपंगांसह सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या) एए या मधल्या स्तरानुसार सामान्य आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे (काँट्रास्टचे) गुणोत्तर किमान 4.5:1 असावे, आणि गूगलच्या निकषांनुसार पानावरील सर्वांत मोठा घटक 2.5 सेकंदांच्या आत दिसावा. ही मोजणी महागड्या संगणकावर न करता साध्या मोबाइलवर, मंद जोडणीवर करावी.

प्रतिसाद ३
वगळण्याची कसोटी मला मान्य आहे, परंतु एकट्या तिच्यावर विसंबणे अन्यायाचे ठरेल. प्रत्यक्षदर्शीचा कापरा आवाज किंवा घटनास्थळाचे न कापलेले चित्रण नवे स्पष्टीकरण देत नसेल, तरी ते पुरावा असते आणि वाचकाला स्वतः पारख करू देते. अशा घटकासाठी वेगळे सदर हवे: चित्रण कुठले, कधीचे आणि कोणाकडून आलेले आहे, हे तिथेच सांगितले आहे का? बातमीत सुबक मांडणीपेक्षा हा प्रामाणिकपणा मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे.

टिकाऊपणालाही गुण द्यावेत. अडोबीने 2020 च्या अखेरीस फ्लॅश प्लेअर या, ब्राउझरमध्ये चलचित्रे व संवादी घटक चालवणाऱ्या प्रणालीचा आधार थांबवल्यावर त्यात घडवलेले कितीतरी संवादी आलेख वाचकांना उघडेनासे झाले. लेख शिल्लक राहिला आणि त्याच्या युक्तिवादाचा गाभा हरवला. त्यामुळे चलचित्र चालले नाही तरी त्यातील आकडे तक्त्याच्या किंवा मजकुराच्या रूपाने मिळतात का, हे अवश्य पाहावे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. आता ‘स्पष्टीकरण’, ‘पुरावा’ आणि ‘वातावरण’ अशी प्रत्येक घटकाची आधी वर्गवारी करून मगच गुण द्यायचे ठरवतो. एक शंका उरते: आकलन तपासताना वाचकांना प्रश्नावली द्यावी, की बातमी आपल्या शब्दांत सांगायला लावावी?

प्रतिसाद १
आधी सांगायला लावावी. प्रश्नावलीतील प्रश्नच उत्तराची दिशा सुचवतात, तर वाचक स्वतः सांगू लागला की घटनाक्रम कुठे तुटला आणि कोणता आलेख त्याच्या ध्यानातच राहिला नाही, हे लगेच कळते. ते पूर्ण झाल्यावरच प्रश्नावली हाती द्यावी.