टाकीखाली क्लोरीन ०.८, शेवटच्या नळाला शून्य: टीसीएलचं गणित कुठे चुकतंय?

प्रश्न

लहान नगरपालिकेचा पाणीपुरवठा आहे. जलकुंभ एकच, ५ लाख लिटरचा, भरायला साधारण ५ तास लागतात. पाणी दिवसातून एकदा, भागांनुसार तास-तासभर सुटतं. टाकी पूर्ण भरली की ३ किलो टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून वरच्या झाकणातून ओततात. टाकीखालच्या नळाला ओटी टेस्टमध्ये (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून येणाऱ्या पिवळ्या रंगावरून) ०.८ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन दिसतं, कधी त्याहून जास्त. शेवटच्या गल्लीत मात्र रंगच येत नाही. टाकीजवळच्या घरांतून वासाच्या तक्रारी येतात, त्यामुळे डोस वाढवायची सोय नाही. तपासायला सुरुवात कुठून करावी?

जलकुंभ

डोसला अजून हात लावू नका. आधी शेवटच्या नळावर दोन नमुने घ्या: एक पाणी सुटताक्षणी, दुसरा त्याच नळाला १५ मिनिटं पाणी वाहिल्यावर. लाइन लांब असेल तर आणखी थांबा. रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी निघून टाकीतलं ताजं पाणी तिथे पोहोचायला हवं. पहिल्या नमुन्यात शून्य आणि दुसऱ्यात ०.२ किंवा जास्त आलं, तर टाकीतला डोस पुरतोय आणि घोटाळा लाइनमध्ये आहे. दोन्हींत शून्य आलं तर क्लोरीन वाटेत संपतोय किंवा टाकीत मिसळतच नाही.

तुमच्याकडे मिसळत नसावा असंच दिसतंय. कालवलेली पावडर पाण्यापेक्षा जड असते. भरलेल्या, स्थिर टाकीत ती वरून ओतली की तळाशी बसते, आणि बाहेर जाणारा पाइपही तळाजवळच असतो. मग पहिल्या भागाला उग्र वासाचं पाणी जातं आणि शेवटी ज्यांची पाळी, त्यांना जवळजवळ बिनक्लोरीनचं. खात्री करायची तर टाकीखालच्याच नळावर पाणी सोडताना, मध्यावर आणि शेवटी असे तीन वेळा मोजा. आकडा उतरत गेला तर दोष ओतण्याच्या पद्धतीत आहे.

थेंबथेंब

वर म्हटलंय ते बरोबर. उपाय असा, की द्रावण टाकी भरत असतानाच आत येणाऱ्या पाण्याच्या धारेत सोडायचं. १०० लिटरच्या प्लास्टिक टाकीत द्रावण करा. ५ तासांत संपवायचं म्हणजे तासाला २० लिटर, मिनिटाला सुमारे ३३० मिली. मोजपात्र आणि घड्याळ घेऊन तोटी त्यावर लावा. पण नुसत्या तोटीवर विसंबू नका. द्रावणाच्या टाकीतली पातळी उतरली की धार बारीक होते, आणि जलकुंभात शेवटी येणाऱ्या पाण्याला क्लोरीन कमी पडतो. मध्ये फ्लोट व्हॉल्व्हची (तरंगत्या गोळ्यानं उघडझाप होणाऱ्या तोटीची) छोटी पेटी बसवली की पेटीतली पातळी एकसारखी राहते आणि धारही.

आदल्या दिवशीची निवळ (द्रावणाचं वरचं स्वच्छ पाणी) वापरू नका. रोज ताजी करा: पावडर थोडी थोडी पाण्यात टाकत ढवळा, तासभर निवळू द्या आणि फक्त वरचं स्वच्छ पाणी घ्या. खालचा पांढरा गाळ चुन्याचा असतो, तो तोटीत अडकतो. तोटी चुन्यानं बंद पडली म्हणून कुणी तिथे अॅसिड ओतेल, तर ते थांबवा. टीसीएलला अॅसिड लागलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

आता ३ किलोचा हिशेब. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो, म्हणजे ३ किलोत सुमारे १ किलो. ५ लाख लिटरला तो २ पीपीएम झाला. तीच पोती दमट खोलीत उघडी राहून २० टक्क्यांवर आली, तर त्याच २ पीपीएमसाठी ५ किलो लागेल. "रोज ३ किलो" हा आकडा म्हणूनच निरर्थक आहे. प्रत्येक नव्या पोत्याचा टक्का प्रयोगशाळेतून काढून घ्या. पोतं कोरड्या, अंधाऱ्या, हवेशीर जागी फळीवर ठेवा. लोखंडी पिंपात नको, खत किंवा तेल-ग्रीसच्या शेजारी तर अजिबात नको.

ओटी की डीपीडी

मोजण्यातली चूकही गृहीत धरा. ओटीमध्ये पहिल्या १० सेकंदांत जो पिवळा रंग येतो तो मुक्त क्लोरीनचा, म्हणजे जंतू मारायला मोकळा असलेल्या क्लोरीनचा. पाच मिनिटांनी पाहिलं तर त्यात संयुक्त क्लोरीनही (अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला, कमी प्रभावी) मिसळतो आणि आकडा फुगतो. तुमच्या ०.८ मधला मुक्त किती, हे आधी ठरवा. शक्य असेल तर डीपीडी किट (गुलाबी रंगावरून क्लोरीन मोजणारं) घ्या. ओटीचं रसायन आरोग्याला घातक मानलं जातं. नमुना उन्हात ठेवून मोजू नका.

प्रश्नकर्ता

टाकीखाली तीन वेळा मोजलं: १.२, ०.५, ०.१. शेवटच्या नळाला आधी शून्य, २० मिनिटांनी ०.१.

जलकुंभ

१.२ वरून ०.१ म्हणजे मिसळण्याचा दोष नक्की. आधी डोसर (वर सांगितलेली द्रावण सोडणारी टाकी) बसवा, मग डोस ठरवा. तो असा काढा: २५ टक्क्यांची पावडर ४० ग्रॅम, १ लिटर पाण्यात. हे १ टक्क्याचं द्रावण. टाकीत येणारं पाणी चार बादल्यांत १०-१० लिटर घ्या आणि त्यांत १, २, ३, ४ मिली निवळ टाका, म्हणजे डोस १ ते ४ पीपीएम झाला. अर्ध्या तासानं मोजा. ज्या बादलीत मुक्त क्लोरीन ०.५ उरेल तो तुमचा किमान डोस. पाणी गढूळ होताच ही चाचणी पुन्हा करावी लागते, कारण गाळ क्लोरीन खातो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही अशीच आहे: ३० मिनिटांनी किमान ०.५ आणि ग्राहकाच्या नळाला किमान ०.२, पीएच ८ च्या खाली असताना.

व्हॉल्व्हचावी

डोसर लागल्यावरही शेवटच्या नळाला सुरुवातीचं पाणी शून्य आलं, तर लाइन उघडून बघावी लागेल. पाणी बंद केल्यावर उतारावरचा पाइप रिकामा होताना आत ओढ निर्माण होते आणि जिथे फट असेल तिथून बाहेरचं पाणी शिरतं. पहिल्यांदा व्हॉल्व्हचे चेंबर बघा. चेंबर पाण्यानं भरलेला असेल आणि व्हॉल्व्हची ग्लँड (दांड्याभोवतीची गळती रोखणारी जोडणी) ढिली असेल, तर शोध तिथेच संपतो: चेंबर उपसा, ग्लँड पॅकिंग बदला. नंतर गटारातून गेलेल्या नळजोडण्या. गंजलेला पाइप गटाराच्या वरून फिरवून घ्या. थेट लाइनला मोटार लावणाऱ्या घरांमुळे ही ओढ पाणी चालू असतानाही होते. टोकाला वॉशआउट व्हॉल्व्ह (लाइन धुऊन पाणी बाहेर सोडायचा) नसेल तर बसवा आणि आठवड्यातून एकदा पाणी स्वच्छ दिसेपर्यंत सोडा.

तोवर त्या गल्लीतल्या लोकांना पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नका आणि प्यायचं पाणी उकळून घ्या, असं घरोघर सांगा. आजपासूनच.