टेडची भाषणं फुकट बघायची आहेत, पण इंग्रजी भरभर जातं

प्रश्न: टेड ही संस्था वेगवेगळ्या वक्त्यांची छोटी भाषणं नेटवर टाकते. त्यातलं बोलणं निम्मं निसटतं, नेटही मंद आहे. काय करावं?

उत्तर १: टेडच्या साइटवर २००६ पासून भाषणं फुकट आहेत. व्हिडिओसोबतची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे भाषणाचा लिहिलेला मजकूर, उघडा. वाक्यावर टिचकी मारली की व्हिडिओ थेट तिथे जातो. निसटलेलं वाक्य पुन्हा ऐकायला याहून सोपं काही नाही. मराठी सबटायटल मोजक्याच भाषणांना आहेत, कारण ती स्वयंसेवक करतात.

उत्तर २: यूट्यूबवर चाकाच्या खुणेत वेग ०.७५ ठेवा, क्वालिटी २४०पी. आपोआप बनलेली सबटायटल टाळा, विशेषनामं हमखास चुकतात.

उत्तर ३: २४०पी सरसकट नको! स्वीडनचे डॉक्टर आणि आकडेतज्ज्ञ हान्स रोसलिंग यांच्या २००६च्या भाषणात देशांचे फुगे आलेखावर सरकतात. अक्षांवरचे आकडे पुसट झाले तर सगळा मुद्दाच हातचा जातो. तिथे ४८०पी घ्या.